आधी जोड लावा, मग कपाट बांधा

प्रश्न थोडक्यात असा होता: "ताई, आम्ही सहा जण कोल्हापुरात राजारामपुरीत दर रविवारी डी अँड डी, म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, पात्रं होऊन गोष्ट रचायचा खेळ, खेळतो. स्वतः लिहिलेली साहसं (खेळायच्या गोष्टी), राक्षस, नकाशे, घरचे नियम असं बरंच साठलंय. इचलकरंजी, सांगली, पुण्यातही असे गट आहेत. मराठीतलं हे सगळं एकत्र ठेवायला आणि एकमेकांना द्यायला ऑनलाइन जागा करायची आहे. वर्गवारी कशी लावू? तारे द्यायचे का? खेळ काढणारी कंपनी आमच्यावर कायद्याचा बडगा उगारेल का? आणि सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?"

उत्तर लांब आहे. चहा घेऊन बसा.

सॉफ्टवेअर अगदी शेवटी बघू, वर्गवारीही नंतर. हे काम मी अकरा वर्षं केलं. त्यातली पहिली दोन वाया गेली. ती का गेली ते आधी सांगते, कारण तुमचे चारही प्रश्न वाचून वाटलं की तुम्ही त्याच वाटेनं निघाला आहात.

माझा धंदा डीटीपीचा. मांडणी, फाँट, अनुक्रमणिका यांचा मला सोस. म्हणून मी जी जागा केली ती वाचनालयासारखी. साहसं एका कप्प्यात, राक्षस दुसऱ्यात, नकाशे तिसऱ्यात, प्रत्येकाला पोटविभाग, वर देखणं मुखपृष्ठ. पहिल्या महिन्यात लोकांनी भराभर फायली चढवल्या. दुसऱ्या महिन्यात निम्म्या आल्या. सहाव्या महिन्यात मी एकटीच चढवत होते. कुणी भांडलं नाही, कुणी सोडून जातो म्हणालं नाही. नुसतं शांत होत गेलं.

त्या पहिल्या भरतीत बारावीतल्या एका पोराचं साहस होतं, पन्हाळ्याच्या अंधारबावेवर लिहिलेलं. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. काळ्या दगडाची तीन मजली वास्तू, तळाशी पाणी आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निसटायची वाट. बांधणाऱ्यानं जणू आपल्यासाठीच नकाशा काढून ठेवलाय. पोरानं तळाशी झोटिंग बसवला होता. तो पाण्याच्या बदल्यात आवाज मागायचा. पाणी प्यायलं की पुढचा तासभर तुमच्या पात्राला वाचा नाही, खेळाडूनं हातवाऱ्यांवर खेळायचं. मी वाचलं आणि म्हटलं, काटाकिर्र! ते डाउनलोड भरपूर झालं. पण त्याबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही. पोरगा दोनदा विचारून गेला, "ताई, कुणी खेळलं का?" नंतर यायचाच बंद झाला.

पुढं तीन वर्षांनी सांगलीच्या एका गटाशी बोलताना कळलं, की त्यांनी ते दोन वेळा खेळलं होतं. हातवारे करता करता एकाचा चष्मा फुटला, ती गोष्ट ते अजून एकमेकांना सांगत होते. लिहिणाऱ्याला मात्र कुणी कळवलं नव्हतं. कळवायचं कुठं? माझ्या जागेत फाइल घ्यायला मोठं बटण होतं आणि परत काही सांगायला साधी खिडकीसुद्धा नव्हती.

आता तालमीचं बघा. पोरगं तालमीत टिकतं ते माती चांगली म्हणून नव्हे. अंगाला अंग लावणारं कुणीतरी रोज मिळतं म्हणून टिकतं. वस्तादाचं अर्धं काम डाव शिकवायचं, अर्धं जोड लावायचं. खासबागेसारखं मैदान बांधलं आणि जोडच लावली नाही, तर हलगी वाजवून उपयोग काय? मी मैदान बांधलं होतं.

तेव्हा पहिला नियम हा ठेवा: तुमच्या जागेतली सगळ्यात महत्त्वाची नोंद "नवीन काय आलं" ही नसून "कुणी काय खेळून पाहिलं" ही असली पाहिजे. पहिल्या पानावर वरच्या बाजूला तीच दिसू द्या. गेल्या आठवड्यात कुठल्या गटानं कुठलं साहस चालवलं, एवढंच. डाउनलोडचा आकडा तर लपवूनच टाका. तो लिहिणाऱ्याला खोटी आशा लावतो आणि नंतर खोटी निराशा.

खेळून झाल्यावर भरायचा नमुना अगदी लहान ठेवा. मी सुरुवातीला चौदा रकाने केले होते, कुणी भरले नाहीत. आता चार आहेत. किती जण होतात? प्रत्यक्ष किती वेळ लागला? कुठं अडलं? तुम्ही काय बदललंत? मधले दोन रकाने म्हणजे सोनं. लिहिणाऱ्यानं "तीन तास" म्हटलेलं असतं आणि चार गटांना सहा-सहा तास लागलेले असतात. "अडलं" या रकान्यात पाच जणांनी एकाच दरवाजाचं नाव घेतलं, की तो दरवाजा दुरुस्त करायचा हे सांगायला समीक्षक लागत नाही. आणि नोंद पडली की लिहिणाऱ्याला त्याच क्षणी निरोप गेला पाहिजे. तुमच्या पूर्ण यंत्रणेतलं हे एक काम कधी बंद पडू देऊ नका, बाकी सगळं चालेल.

सक्ती मात्र करू नका. एकदा मी नियम केला होता, की दुसऱ्याचं एक खेळल्याशिवाय स्वतःचं तिसरं चढवता येणार नाही. आठवड्याभरात खोट्या नोंदी सुरू झाल्या. "चार जण, तीन तास, कुठं अडलं नाही, काही बदललं नाही." वाचूनच कळायचं की फाइल उघडलेली नाही. मग नियम काढून टाकला आणि महिन्यातून एकदा जोड लावायला लागले. दोन लेखक निवडायचे, साधारण सारख्या ताकदीचे, शक्यतो वेगळ्या गावचे. दोघांनी एकमेकांचं एकेक साहस आपापल्या गटात चालवायचं आणि महिनाअखेर दोघांच्या नोंदी शेजारी शेजारी छापायच्या. नावं वाचून लोकांना गंमत वाटते, थोडी ईर्षा येते. या एका गोष्टीनं मेलेली जागा पुन्हा उठली. एवढं करून हाती काही जमलं असेल तर ते हे.

ताऱ्यांचं उत्तर यातच आलं. देऊ नका. आपल्याकडं सगळे एकमेकांना ओळखतात. मित्राला पाच तारे, मित्राच्या मित्राला पाच तारे, आणि कुणी प्रामाणिकपणे तीन दिले की पुढचे दोन महिने मिसळीच्या गाड्यावर तो विषय. पाच-सहाशे लोकांच्या आतल्या जागेत सरासरीला काही अर्थ नसतो. "हे पाच गटांनी खेळलंय" एवढी ओळ ताऱ्यांपेक्षा जास्त सांगते.

वर्गवारी. शनिवारी रात्री अकरा वाजता गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, तुमच्याकडं येतो. उद्या दुपारी खेळ आहे आणि त्याची स्वतःची तयारी शून्य. त्याच्या डोक्यात "मला एक राक्षस हवा" असं नसतं. त्याच्या डोक्यात असतं: चार जण येणार, त्यात एकाची धाकटी बहीण, साडेतीन तास मिळतील, पात्रं तिसऱ्या पातळीवर. म्हणून शोधाचे रकाने तेच ठेवा: किती जण, किती तास, कुठली नियमावली, कुठली पातळी, लहान मुलं चालतील का. राक्षस की नकाशा हा भेद त्यानंतर. रंगढंगासाठी चार-पाच शब्द पुरेत, भीती, विनोद, कोडी, मारामारी, राजकारण असे. लोकांना स्वतःचे शब्द जोडायची मोकळीक दिलीत तर महिन्याभरात "भयानक", "भीतीदायक", "भयकथा", "हॉरर" आणि "भूत" असे पाच कप्पे होतील आणि प्रत्येकात दोन फायली.

आता शोध. माझ्या धंद्याचा विषय म्हणून इथं जरा रेंगाळते. इंग्रजीतल्या तयार सोयी उचलणाऱ्यांना हे माहीतच नसतं.

"ॲ" हे अक्षर दोन तऱ्हांनी टंकता येतं. एकात ते स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात "अ"वर वेगळा चंद्र दिलेला असतो. डोळ्याला दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी आहेत. युनिकोड हा संगणकातल्या अक्षरांचा जागतिक संकेत, त्याचं नेहमीचं सामान्यीकरणही (सारखी अक्षरं एका रूपात आणणं) त्यांना एक करत नाही, ते तुम्हाला स्वतः सांगावं लागतं. "म्हाताऱ्याचा वाडा" नावाचं एक चांगलं साहस माझ्याकडं वर्षभर कुणाला सापडत नव्हतं. त्यातला "ऱ्या" लेखकानं साध्या "र"ला हलन्त आणि मागं अदृश्य जोडक लावून काढला होता. शोधणारे नुक्तावाला "ऱ" वापरत होते. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ, "ड्रॅगन" आणि "ड्रेगन", "गोब्लिन" आणि "गॉब्लिन". उपाय असा: लेखकानं जे लिहिलं ते तसंच दाखवा, पण शोधासाठी आतल्या आत एक वेगळी प्रत ठेवा. तिच्यात हे सगळे पर्याय एका रूपात आणलेले, अदृश्य अक्षरं काढलेली, ऱ्हस्व-दीर्घ सपाट केलेलं. देवनागरी आणि इंग्रजी आकडेही एक करा, नाहीतर "२डी६" (सहा बाजूंचे दोन फासे) शोधणाऱ्याला इंग्रजी आकड्यांत लिहिलेले फासे मिळणार नाहीत. जाणत्या पोराचं हे दोन दिवसांचं काम आहे.

दुसरी अडचण जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांची. त्यांत टंकलेली पीडीएफ दिसते झकास, पण मजकूर उचलायला गेलात की कचरा हाती येतो. शोधात येत नाही, मोबाइलवर मोठी करून वाचता येत नाही, कुणाला त्यात बदल करायचा असेल तर सगळं परत टंकावं लागतं. म्हणून पीडीएफ चालेल, पण सोबत साधा युनिकोड मजकूर हवाच, असा दंडक ठेवा. लोक कुरकुरतील, कुरकुरू द्या. फॅन निर्मितीचा जीवच असा आहे, की पुढचा माणूस ती फोडून स्वतःची करतो. हा खेळ मुळात अर्धा कच्चा मिळतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी तो पहिल्यांदा छापला तेव्हा पेटीत तीन लहान पुस्तिका होत्या, आणि उरलेलं जग ज्याचं त्यानं रचायचं होतं. मांडणी कुलूपबंद केली तर ती परंपराच तुटते.

नकाशे एका ए-फोर पानावर मावतील असे, आणि काळ्या-पांढऱ्यात झेरॉक्स काढल्यावर वाचता येतील असे मागा. रंगीत नकाशा पडद्यावर देखणा दिसतो, पण गल्लीतल्या झेरॉक्सवर नदी आणि रस्ता एकाच करड्या रंगाचे होतात. चौकोनांचं माप लिहायला लावा. बहुतेक जण एक इंच म्हणजे पाच फूट धरतात, पण सगळे नाहीत.

आता कायदा. तुमची भीती थोडी खरी, थोडी फुगवलेली.

खेळाची यंत्रणा, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाका, त्यात अमुक मिळवा, ही कल्पना कुणाच्या मालकीची नसते. मालकी असते ती शब्दांची, चित्रांची, विशिष्ट पात्रांची. तुमच्या सभासदांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं साहस त्यांचंच आहे. भारतात त्यासाठी नोंदणी लागत नाही, आणि हक्क लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं राहतो. अडचण येते ती भाषांतरात. मराठीत सगळ्यात जास्त वेळा घडणारा गुन्हा म्हणजे कुणीतरी मोठ्या प्रेमानं, रात्री जागून अधिकृत पुस्तकाचं एक प्रकरण मराठीत आणतो आणि चढवतो. भाषांतराचा हक्कही मूळ मालकाचाच. प्रेम पाहून पाठ थोपटा आणि फाइल काढा.

त्याला मोकळ्या हातानं मात्र पाठवू नका. डी अँड डी काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं २००० साली ओपन गेम लायसन्स, म्हणजे खेळाचे नियम इतरांना वापरू देणारा परवाना, आणलं. जानेवारी २०२३ मध्ये त्याचा नवा, जाचक मसुदा बाहेर फुटला आणि जगभरच्या खेळणाऱ्यांनी गदारोळ केला. महिनाअखेरीस कंपनीनं माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंग्रह, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयोल्लेख परवान्याखाली खुला केला. तो चारशेहून जास्त पानांचा आहे आणि त्याचं मराठी भाषांतर कुणीही करू शकतो, वाटू शकतो, विकूसुद्धा शकतो. मुख्य अट एवढीच, त्यांनी दिलेली श्रेयाची ओळ ठेवायची. ज्याला भाषांतराची हौस आहे त्याला हे काम द्या. फक्त लक्षात असू द्या, त्या संग्रहात सगळं नाही. बिहोल्डर, माइंड फ्लेअर हे प्रसिद्ध राक्षस तिथं मिळणार नाहीत, कंपनीनं ते स्वतःकडं राखलेत. "फेट" आणि "ब्लेड्स इन द डार्क" या खेळांचे नियमही क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मिळतात. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला मी तेच सुचवते, आकडेमोड कमी पडते.

कंपनीच्या राखीव जगावर लिहायचं असेल तर त्यांचं वेगळं फॅन धोरण आहे. त्याचा गाभा हा, की फुकट द्या, पैशाच्या दाराआड ठेवू नका, आणि हे अधिकृत नाही असं स्पष्ट लिहा. पैसे हवे असतील तर २०१६ साली सुरू झालेला त्यांचा डीएम्स गिल्ड हा ऑनलाइन बाजार आहे. तिथं लेखकाला निम्मे मिळतात, पण तीच गोष्ट मग दुसरीकडं विकता येत नाही.

तुमच्या जागेवर फाइल चढवताना लेखकाला एक प्रश्न विचारा, साध्या मराठीत: "दुसऱ्यानं हे बदलून पुढं वाटलं तर चालेल का?" तीन उत्तरं ठेवा. चालेल, नाव दिलं तर. चालेल, पण त्यानंही पुढं तशीच मोकळीक द्यायची. आणि नाही, फक्त खेळा. परवान्याचं अधिकृत नाव त्याखाली बारीक अक्षरात द्या. परवान्यांची यादी उघडून ठेवलीत तर सगळे पहिला पर्याय डोळे मिटून दाबतात आणि वर्षानं भांडायला येतात.

चोरी सगळ्यात जास्त होते ती चित्रांची. गूगलवरून उचललेलं चित्र मुखपृष्ठावर लावायचं, आणि विचारलं की "नेटवर होतं." चित्र कुणाचं हे लिहिल्याशिवाय फाइल पुढं जाऊ नये, अशी सोय करा. यंत्राकडून (एआयकडून) काढून घेतलेलं चित्र असेल तर तसं लिहायला लावा. मी त्यावर बंदी घातलेली नाही, पण महिन्याच्या जोडीत अशी फाइल घेत नाही. कोल्हापूरला कलानगरी म्हणतात. हाताला काम नसलेली चित्रकार पोरं इथं गल्लोगल्ली आहेत. दोन वडापाव आणि मुखपृष्ठावर नाव एवढ्यावर खूश होणारी मी पाहिलीत, अर्थात पैसे दिलेत तर जास्त बरं. हक्कभंगाची रीतसर तक्रार आली तर वाद घालत बसू नका. भारतातल्या कायद्याच्या नियमांत त्यासाठी ३६ तास दिलेत, तेवढ्यात फाइल बंद करा, लेखकाला कळवा, मग काय ते बोला. तक्रार कुणाकडं करायची त्याचं नाव आणि पत्ता ठळक दिसू द्या.

कायद्यापेक्षा मला जास्त घाम फुटला तो आपल्या मातीतल्या मजकुरानं. चांगल्या अर्थानंही. मराठी लोक लिहायला लागले की ऑर्क आणि एल्फ दोन महिन्यांत मागं पडतात. मग येतात मुंजा, हडळ, खवीस, चकवा, ब्रह्मसमंध, जखीण, वेताळ. चकवा तर खेळात इतका फिट बसतो की विचारू नका, वाट चुकवणारं भूत, नकाशाच फिरवायचा. एकाच भुताची कोकणातली, देशावरची आणि विदर्भातली रूपं वेगळी असतात आणि त्यावरून वाद होतात. ते होऊ द्या. प्रत्येक लेखकाला "आमच्या गावी असं सांगतात" एवढी एक ओळ लिहायला लावा. काही वर्षांत त्या ओळींचाच एक संग्रह होतो.

इतिहासाचं काय करायचं? पन्हाळा समोर उभा आहे. १६६० चा वेढा, सिद्दी जौहर, राजदिंडीतून पावसात निसटणं, घोडखिंड. याच्यावर साहस येणार नाही असं होणारच नाही. माझा नियम असा: महाराज, बाजीप्रभू, शिवा काशीद यांचा स्टॅट ब्लॉक कुणी करायचा नाही. त्यांची ताकद किती, त्यांना किती घाव सोसतात, असले आकडे नाहीत, आणि कुठल्याही खेळाडूनं त्यांचं पात्र घ्यायचं नाही. देवादिकांचंही तेच, अंबाबाई आणि जोतिबा फाशांवर येणार नाहीत. भीती म्हणून नव्हे. भीतीही आहेच, खोटं कशाला बोलू. पण या नियमानं साहसं सुधारली हे खरं कारण. आता खेळाडू असतात पालखीपुढं वाट दाखवणारे हेर, अंबारखान्याचा कारकून, मसाईच्या पठारावर पावसात मशाल पेटती ठेवायची जबाबदारी असलेली पोरं. फासा चुकला तर मशाल विझते. मोठा माणूस दुरून, विजेच्या उजेडात क्षणभर दिसतो. टेबल गप्प होतं.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्या मार्गदर्शनात अशा शब्दांत मिळणार नाही. या खेळात "जन्मानंच दुष्ट" जमातींची जुनी सवय आहे. परदेशातही त्यावर वाद झाला आणि २०२४ च्या नव्या पुस्तकात "रेस" हा शब्द जाऊन "स्पीशीज" आला. आपल्याला हा विषय तिथून शिकायची गरज नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या होत्या, तो कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ साली गेला. आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी अशा जमातींची हजेरीची पद्धत मोडून त्यांना कामं दिली. आणि त्याच गावातला कुणी लिहितो, "डोंगरातली ही भटकी जमात जन्मतः चोर असते." लिहिणाऱ्याच्या मनात काही नसतं, त्यानं इंग्रजी पुस्तकातलं "गोब्लिन" काढून मराठी शब्द घातलेला असतो. त्याला झापू नका. फोन करा, विचारा की हे लोक चोरी का करतात. कारण सापडलं की साहसही सुधारतं. मी असे फोन बरेच केले, एखादाच चिडला.

लहान मुलांबद्दल थोडक्यात. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. तुमच्याकडं नववी-दहावीची पोरं येणारच. सोपा मार्ग म्हणजे माहितीच गोळा करू नका. वाचायला आणि फाइल घ्यायला खातं लागू नये. चढवायला लागेल, तिथं लहानांचं खातं पालकाच्या नावानं. आणि खासगी निरोपांची सोय देऊच नका, कुणालाच. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर.

सांभाळणारे किमान तीन असू द्या, आणि तिघेही एकाच टेबलावर खेळणारे नकोत. नाहीतर एका गटाची मक्तेदारी होते. पेठापेठांतला फुटबॉल पाहिलेल्या माणसाला यावर जास्त सांगायला नको. पासवर्ड एकाकडं ठेवू नका.

हे मी शिकले ते असं. आमची जागा ज्या कंपनीच्या सर्व्हरवर होती, ती एके दिवशी बिल भरलं असतानाही बंद झाली. फोन उचलेना, ई-मेल परत येईना. म्हटलं हरकत नाही, घरी प्रत आहे. प्रत होती तळमजल्यावरच्या संगणकात, पंचगंगेच्या बाजूच्या गल्लीत, आणि महिना होता ऑगस्ट २०१९. पुढचं सांगायला नको. पाणी उतरल्यावर हार्ड डिस्कमधून गाळ निघाला. जे वाचलं ते लोकांनी खेळायला काढलेल्या झेरॉक्समधून. सहा महिने मी गावोगावच्या गटांकडून कागद मागवून परत टंकत होते. म्हणून आता दर तीन महिन्यांनी सगळा संग्रह एका फाइलमध्ये बांधून कुणालाही उतरवून घेता येतो. जितक्या घरांत तितकं बरं. आणि जोडीत खेळलेली साहसं वर्षातून एकदा छापून, शिवून ठेवते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे, माझी एकही हार्ड डिस्क पाच वर्षांच्या वर टिकलेली नाही.

राहिलं सॉफ्टवेअर. गप्पांसाठी व्हॉट्सॲप किंवा डिस्कॉर्ड, जे तुमच्या लोकांच्या हातात आहे ते. पण तिथं फायली ठेवू नका, महिन्याभरात वाहून जातात. संग्रहासाठी कुठलीही साधी वेबसाइट, जिच्यात वर सांगितलेले रकाने, खेळल्याची नोंद, लेखकाला निरोप आणि देवनागरी शोध एवढं बसतं. पहिले सहा महिने एक स्प्रेडशीट आणि एक सामायिक फोल्डर यावर भागवलंत तरी चालेल. निरोप तोवर हातानं पाठवा. फोन केलात तर उत्तम.

सुरुवात शंभर फायलींनी करू नका. तुमच्या सहा जणांनी लिहिलेल्यातली दहा-बारा घ्या, दुसऱ्या कुणीतरी खरोखर खेळलेली, आणि प्रत्येकाखाली नोंद भरूनच दार उघडा. नवा माणूस आला की त्याला इथली रीत न सांगता दिसली पाहिजे. इचलकरंजीच्या गटाशी आधी बोला, पहिली जोड त्यांच्याशी लावा.

अंधारबावेच्या साहसाची एक झेरॉक्स सांगलीच्या त्या गटाकडून मला मिळाली. कोपऱ्यावर चहाचा डाग आहे, समासात "इथं चष्मा फुटला" असं पेन्सिलीनं लिहिलंय. तो पोरगा आता पुण्यात नोकरीला असतो. तुमच्या पहिल्या दहांत ते घालायचं असेल तर मी त्याचा नंबर शोधून विचारते. समासातली ती ओळही त्याला फोटो काढून पाठवीन, फार उशीर झालाय त्याला. नको म्हणाला तर घालायचं नाही. हो म्हणाला तर रविवारी तुम्हाला कळवते.